सूज उतरली, एक्स-रे नॉर्मल, तरी गुडघा सटकतो! गुडघ्याच्या लिगामेंटची गोष्ट

दिवाळी झाली, भाताची कापणी आणि झोडणी आटोपली की आमच्या पेण-अलिबाग-रोहा पट्ट्यात कबड्डीचे सामने सुरू होतात. रविवारी रात्री उशिरापर्यंत सामना रंगतो आणि सोमवारी सकाळी वडखळच्या दवाखान्यात लंगडत आलेला एखादा मुलगा बाकावर बसलेला असतो. सोबत थोरला भाऊ, नाहीतर संघातला मित्र. हकीकत जवळजवळ ठरलेली: "डॉक्टर, चढाई करून मागे फिरलो, पाय तिथंच रुतला आणि अंग वळलं. आतून कट्ट असा आवाज आला."

मागच्या मोसमातला एक मुलगा मात्र सोमवारी आला नाही. तो आला चार महिन्यांनी. मार लागल्यावर त्याने एक्स-रे काढला होता. "हाड शाबूत आहे, काही नाही," असं कुणीतरी सांगितलं. घरी लेप लावून पट्टी बांधली, तीन आठवड्यांत सूज उतरली आणि तो पुन्हा मैदानात गेला. दुसऱ्याच सामन्यात गुडघा सटकला. परत सूज, परत लेप, परत सामना. असं तीनदा झालं. माझ्यासमोर आला तेव्हा त्याचा गुडघा पूर्ण सरळ होत नव्हता, मधेच अडकत होता. एमआरआयमध्ये लिगामेंट तुटलेलं होतंच, शिवाय आतली गादी फाटून तिचा तुकडा सांध्यात अडकला होता. पहिल्या दिवशी बहुधा एकाच दोराची असलेली दुखापत चार महिन्यांत दोर आणि गादी अशी दोन्हींची झाली होती.

त्याच्या भावाने मला विचारलं, "पण डॉक्टर, एक्स-रे तर नॉर्मल होता ना? आणि सूजपण उतरली होती."

प्रश्न अगदी रास्त होता. या दोन वाक्यांनी फक्त आमच्या भागातल्या मुलांनाच फसवलं असं नाही. जगभरच्या डॉक्टरांनाही हे कोडं उलगडायला शंभर-दीडशे वर्षं लागली. त्याचं उत्तर द्यायला जरा मागे जावं लागतं, म्हणून हा लेख थोडा लांबणार आहे.

आधी गुडघा समजून घेऊ

मांडीचं हाड वर, नडगीचं हाड खाली आणि पुढे वाटी. मांडीच्या हाडाचं टोक गोलसर, नडगीचा माथा जवळजवळ सपाट. म्हणजे सपाट पाटावर गोल वरवंटा ठेवल्यासारखं. हाडांच्या आकारामुळे हा सांधा जागेवर राहतच नाही. तो राहतो चार मुख्य दोरांमुळे. दोन बाजूंना दोन दोर असतात, आत एक आणि बाहेर एक. सांध्याच्या पोटात आणखी दोन, एकमेकांवरून फुलीसारखे गेलेले. फुलीतला पुढचा दोर म्हणजे एसीएल. नडगी पुढे सरकू नये आणि वळताना गुडघा फिरू नये, हे त्याचं काम. मागचा दोर म्हणजे पीसीएल, तो नडगीला मागे जाऊ देत नाही. दोन हाडांच्या मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात, त्यांना मेनिस्कस म्हणतात.

धावत येऊन पाय जमिनीत घट्ट रोवला आणि त्यावर शरीर वळलं की सगळा पीळ एसीएलवर येतो. चढाईपटू मध्यरेषेकडे झेपावताना नेमकं हेच करतो, आणि त्याच वेळी कुणी घोटा धरलेला असेल तर विचारायलाच नको. मोटारसायकलवरून पडून नडगी पुढून आपटली तर मागचा दोर, म्हणजे पीसीएल, जातो. आमच्या नाक्यावर, जिथे मुंबई-गोवा महामार्गाला अलिबागचा रस्ता फुटतो, तिथल्या अपघातांमुळे हीही दुखापत आम्हाला अनोळखी नाही.

जुन्या लोकांना काय माहीत होतं?

सुश्रुतसंहितेत शरीरातली १०७ मर्मं सांगितली आहेत. मांडी आणि पिंढरी जिथे जुळतात तिथलं मर्म म्हणजे 'जानु', आणि त्याला इजा झाली तर माणूस लंगडा होतो, असं तिथे म्हटलं आहे. आतले दोर त्या काळी कुणी वेगळे ओळखले नव्हते, पण मार कुठे बसला तर माणूस कायमचा अधू होतो हे निरीक्षण पक्कं होतं. तिकडे दुसऱ्या शतकात गेलन हा वैद्य पर्गमम शहरात ग्लॅडिएटर योद्ध्यांवर उपचार करायचा. उघडे पडलेले सांधे रोज बघायला मिळणारा असा डॉक्टर विरळाच. हे आतले दोर सांध्याला आधार देतात, हे त्याने ओळखलं. फुलीच्या आकारावरून दिलेलं त्यांचं लॅटिन नावही त्याच्याकडूनच आलं.

मग दीड हजारांहून अधिक वर्षं या विषयात फार काही घडलं नाही.

१८३६ मध्ये जर्मनीत वेबर बंधूंनी मृतदेहाच्या गुडघ्यातला पुढचा दोर कापून पाहिला आणि नडगी पुढे सरकते हे दाखवलं. माझ्या मते खरी सुरुवात मात्र १८४५ ची. त्या वर्षी इकडे मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं आणि तिकडे फ्रान्समधल्या लियाँ शहरात आमेदे बोने या शल्यचिकित्सकाने सांध्यांच्या आजारांवर मोठा ग्रंथ छापला. दोर तुटल्याच्या खुणा त्याने लिहून ठेवल्या: तुटताना आवाज येतो, सांध्यात रक्त साचून तो लगेच फुगतो आणि पाय काम करेनासा होतो. क्ष-किरण नव्हते, एमआरआय नव्हता, भूल देण्याची पद्धतही अजून आलेली नव्हती. तरी आज सोमवारी सकाळी बाकावर बसलेला मुलगा जे सांगतो, ते सगळं त्या पुस्तकात आहे. म्हणूनच मी रुग्णाला आधी बोलू देतो. "कट्ट आवाज, दोन-चार तासांत टम्म सूज, खेळ तिथंच सोडावा लागला" ही तीन वाक्यं एकत्र आली की एक्स-रे हातात घेण्याआधीच माझा निम्मा निर्णय झालेला असतो.

याच बोनेने आणखी एक गोष्ट सांगितली होती: सांधा फार दिवस जखडून ठेवला तर तो बिघडतो. पुढच्या शंभर वर्षांतल्या बहुतेकांनी तिकडे दुर्लक्ष केलं.

एक्स-रे नॉर्मल का येतो?

नोव्हेंबर १८९५ मध्ये राँटगेनला क्ष-किरण सापडले आणि डॉक्टरांना जिवंत माणसाचं हाड दिसू लागलं. पण क्ष-किरणांत हाड दिसतं, दोर दिसत नाही. एसीएल अख्खा असो वा तुटलेला, एक्स-रेवर तिथे नुसती काळी पोकळी. त्यामुळे "एक्स-रे नॉर्मल" याचा अर्थ इतकाच की हाड मोडलेलं नाही. एक अपवाद सांगतो. पॅरिसच्या पॉल सेगाँ यांनी १८७९ मध्ये, म्हणजे क्ष-किरणांच्याही आधी, नडगीच्या बाहेरच्या कडेचा एक बारीक टवका उडतो असं मृतदेहांवर दाखवलं होतं. तसा टवका आज एक्स-रेवर दिसला की एसीएल गेल्याची दाट शंका घ्यायची. पण तो सगळ्यांत दिसत नाही.

मग कळायचं कसं? हातांनी. या तपासणीची गोष्ट मला फार आवडते. १८७५ मध्ये पॅरिसला शिकणाऱ्या जॉर्ज नूलिस या ग्रीक विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात लिहिलं की गुडघा किंचित वाकवायचा, एका हाताने मांडी धरायची, दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढायची. दोर शाबूत असेल तर ती झटक्याने थांबते, तुटला असेल तर सरकत राहते. हा प्रबंध कपाटात पडून राहिला. डॉक्टर गुडघा काटकोनात वाकवून ओढत राहिले. त्या स्थितीत मांडीमागचे स्नायू ताठ होतात, गादी अडसर बनते आणि तुटलेला दोरही चांगला वाटतो. शेवटी १९७६ मध्ये अमेरिकेत जोसेफ टॉर्ग यांनी आपले गुरू जॉन लॅकमन यांच्या नावाने तीच तपासणी नव्याने मांडली, आणि आज जगभर ती लॅकमन टेस्ट म्हणूनच ओळखली जाते. मधली शंभर वर्षं किती गुडघे "ठीक आहे" म्हणून घरी गेले असतील, याचा हिशेब कोण करणार?

या तपासणीला ना वीज लागते ना यंत्र. वडखळला, रोह्याला, कुठेही होते. मात्र पहिल्या एक-दोन दिवसांत गुडघा रक्ताने टम्म असतो, रुग्ण दुखण्याने पाय आवळून धरतो आणि काहीच नीट कळत नाही. म्हणून मी आठ-दहा दिवसांनी पुन्हा बोलावतो. आणि नेमके तेव्हाच लोक येत नाहीत, कारण सूज उतरलेली असते!

सूज उतरली म्हणजे दोर जुळला का?

इथे हाड आणि दोर यांतला फरक लक्षात घ्या. हाड मोडलं की तिथे रक्ताची गाठ बसते आणि त्या गाठीतून नवं हाड तयार होतं. गुडघ्याच्या आतल्या बाजूचा दोरही सांध्याच्या पोकळीबाहेर असल्यामुळे साधारण तसाच भरून येतो. पूर्वी तो सर्रास शिवायचे. १९८० च्या दशकात कळलं की तो एकटाच फाटला असेल तर पट्टा आणि व्यायाम यांनी तितकाच चांगला जुळतो. आज त्याला क्वचितच टाका घालतात.

एसीएलचं तसं नाही. तो सांध्याच्या पोटात, सांध्यातल्या द्रवात असतो. तुटलेल्या टोकांशी रक्ताची गाठ टिकत नाही, विरघळून जाते. टोकं एकमेकांपासून दूर पडतात आणि आखडतात. रक्त शोषलं गेलं की सूज जाते, दुखणं थांबतं, माणूस शेतावर जातो, एसटी पकडतो. सरळ चालायला एसीएल फारसा लागत नाही. तो लागतो वळायला. म्हणून गुडघा शांत असतो आणि एक दिवस बांधावरून उतरताना किंवा चढाईत वळताना अचानक दगा देतो. अलीकडच्या काही अभ्यासांत काही रुग्णांचे दोर एमआरआयवर परत जुळलेले दिसले आहेत, आणि ऑस्ट्रेलियात गुडघा काटकोनात पट्ट्याने बांधून तसं घडवण्याचे प्रयोग चालू आहेत. पण ते ताज्या दुखापतीत, अगदी काटेकोर देखरेखीखाली. सूज उतरली म्हणून खेळायला जाणं म्हणजे तो उपचार नव्हे.

हाडवैद्यांविषयी मला विचारतात, म्हणून एक बोलतो. आधुनिक अस्थिशास्त्राने हाडवैद्यांना हसण्याचं कारण नाही. इंग्रज अस्थिचिकित्सेचे एक जनक ह्यू ओवेन थॉमस हे स्वतः हाडवैद्यांच्या घराण्यातले होते. त्यांचे भाचे रॉबर्ट जोन्स यांनी १९१६ मध्ये मत दिलं की हे दोर शिवणं व्यर्थ आहे, शरीर स्वतः जे भरून काढेल तेच खरं. एवढ्या मोठ्या माणसाचीही इथे चूक झाली, तर लेप लावणाऱ्याला दोष कशाला द्यायचा? माझी विनंती दोनच गोष्टींची: ताज्या सुजलेल्या गुडघ्याला जोरात मालीश करू नका आणि पाय मुंग्या येईपर्यंत पट्टी आवळू नका. अपघातात गुडघा निखळल्यासारखा वेडावाकडा झाला, पाऊल थंड पडलं किंवा बधिर झालं, तर मात्र लेप नको, दवाखानाही नको. थेट मोठं रुग्णालय गाठा. गुडघ्यामागची रक्तवाहिनी दुखावलेली असली तर पाय वाचवायला हातात सहा-आठ तासच असतात.

शिवणं, बदलणं आणि फसलेले दोर

१८९५ मध्येच इंग्लंडमधल्या लीड्स शहरात मेयो रॉब्सन यांनी एका खाणकामगाराच्या गुडघ्यातले दोन्ही फुलीचे दोर शिवले. काही वर्षांनी तो माणूस कामावर होता. ही शस्त्रक्रिया त्यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केली आणि शिवण्याचं युग सुरू झालं. १९१७ मध्ये ब्रिस्टलच्या हे ग्रोव्ह्‌ज यांनी वेगळा विचार केला. तुटलेलं शिवण्याऐवजी मांडीच्या बाहेरच्या बाजूची चिवट पट्टी घ्यायची, दोन्ही हाडांना भोकं पाडायची आणि ती पट्टी जुन्या दोराच्या वाटेने ओवायची. आज आपण जी शस्त्रक्रिया करतो तिचा सांगाडा हाच आहे. तरीही बहुतेक सर्जन पुढची पन्नास वर्षं शिवतच राहिले. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीच्या कॅडेटांचा पाच वर्षांनंतरचा अहवाल आला. शिवलेले बहुतेक गुडघे परत ढिले झाले होते, पुन्हा दुखावले होते. तेव्हा नुसतं शिवणं मागे पडलं.

दरम्यान केनेथ जोन्स यांनी १९६३ मध्ये वाटीखालच्या टेंडनची मधली पट्टी वापरून नवा दोर बनवला होता. नंतर मांडीमागच्या स्नायूंचे टेंडन वापरात आले. आज तुमच्या गुडघ्यात नवा दोर म्हणून बहुधा यांपैकीच एक घालतात.

१९८० च्या दशकात मात्र जगाला घाई झाली. स्वतःच्या शरीरातून टेंडन कशाला काढायचा, कारखान्यातला दोर घालू की! कार्बन फायबर, डेक्रॉन, गोर-टेक्स असे दोर आले. रुग्ण लवकर चालू लागले, सर्वांना आनंद झाला. काही वर्षांत ते दोर झिजू लागले, त्यांचा चुरा सांध्यात पसरून गुडघे सुजू लागले, आणि बहुतेक बाजारातून गेले. "डॉक्टर, लवकर बरं करणारं काही नवीन निघालंय का?" असं कुणी विचारलं की मला हे आठवतं.

दुर्बिणीची कथा जपानची. टोकियोच्या केंजी ताकागी यांनी १९१८ मध्ये मूत्राशय तपासायची नळी मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. क्षयामुळे गुडघे आखडायचे, आणि जिथे सगळं जगणं जमिनीवर बसून चालतं तिथे आखडलेला गुडघा म्हणजे मोठंच अपंगत्व. आपल्याकडेही पंगतीत मांडी घालता येईना तेव्हाच माणूस डॉक्टरकडे येतो! त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस खरोखर उपयोगी दुर्बीण तयार केली. १९८० मध्ये इंग्लंडमध्ये डेव्हिड डँडी यांनी दुर्बिणीच्या मदतीने पहिल्यांदा एसीएल बसवला. गंमत म्हणजे तो दोर कार्बन फायबरचाच होता. पद्धत टिकली, दोर गेला.

गादीचंही सांगायला हवं, कारण त्या मुलाचं खरं नुकसान तिथेच झालं. एके काळी गादी म्हणजे निरुपयोगी स्नायूचा अवशेष समजत आणि फाटली की काढून टाकत. १९४८ मध्ये फेअरबँक यांनी गादी काढलेल्या गुडघ्यांचे एक्स-रे वर्षानुवर्षं पाहून सांधा झिजण्याच्या खुणा दाखवल्या. आज शक्य असेल तर गादी शिवतात. पण तीन वेळा सटकून चिंध्या झालेली गादी शिवता येत नाही. त्या मुलाची अर्धी गादी काढावी लागली. दोर नवा मिळाला, गादी मिळाली नाही. वय वर्षं बावीस.

माती, मॅट आणि आपला खेळ

आपल्या हुतूतूला लिखित नियम आले विसाव्या शतकात. १९२३ च्या सुमारास बडोद्याला अखिल भारतीय सामने झाले, १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला. बुवा साळवींसारख्या माणसांनी आयुष्य घातलं, आणि १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी पदकाचा खेळ झाला. २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली आणि घराघरांत मॅट दिसू लागली.

मातीत पाय थोडा घसरतो. मॅटवर बूट घातलेला पाय घट्ट धरतो. पकड आणि वेग वाढतो, पण पीळ पाय सोडून गुडघ्याकडे जातो. नॉर्वेतल्या हँडबॉलच्या अभ्यासात जास्त पकड असलेल्या कृत्रिम फरशीवर मुलींचे एसीएल अधिक तुटताना दिसले होते. कबड्डीसाठी तेच आकडे जसेच्या तसे लागू करणार नाही, पण मातीवर सराव आणि थेट मॅटवर सामना, हे आमच्या मुलांचं वास्तव आहे आणि ते मला बरं वाटत नाही. मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा दुप्पट-तिप्पट आढळते, त्यामुळे शाळेच्या मुलींच्या संघांनी जास्त जपायला हवं. उडी मारून गुडघे वाकवून उतरणं, गुडघा आत न झुकवता वळणं, एका पायावर तोल धरणं, असा पंधरा-वीस मिनिटांचा सराव आठवड्यात दोन-तीनदा केला तर मुलींमधल्या या दुखापती जवळपास निम्म्याने घटतात, असं अनेक अभ्यास एकत्र पाहिल्यावर दिसलं आहे. त्याला पैसे लागत नाहीत, शिक्षक लागतो.

प्लास्टर ते नऊ महिने

शस्त्रक्रियेनंतर पूर्वी सहा आठवडे प्लास्टर घालत. दोर टिकायचा, गुडघा मात्र आखडायचा आणि मांडी काडीसारखी व्हायची. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या डोनाल्ड शेलबोर्न यांच्या लक्षात एक मजेशीर गोष्ट आली. जे रुग्ण सूचना पाळत नव्हते, सांगितलं त्यापेक्षा आधी पाय हलवत आणि टेकवत होते, त्यांचे गुडघे आज्ञाधारक रुग्णांपेक्षा चांगले होते! त्यांनी रुग्णांना दोष न देता आपलीच पद्धत बदलली आणि १९९० मध्ये ती प्रसिद्ध केली. पहिल्या दिवसापासून गुडघा पूर्ण सरळ करा, पाय टेका. बोनेने दीडशे वर्षांपूर्वी सांगितलेलं असं फिरून परत आलं.

आपल्याकडे व्यायामोपचाराचं शास्त्र पोलिओच्या साथीमुळे आलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने १९५३ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं, देशातलं पहिलं. आज पेण, अलिबाग, पनवेलला फिजिओथेरपिस्ट आहेत. तरी रोज जाणं-येणं आणि बुडणारी मजुरी यामुळे तिसऱ्या आठवड्यानंतर माझे निम्मे रुग्ण गायब होतात. म्हणून मी घरी करायचे व्यायाम आधीच शिकवतो: टाच सरकवत गुडघा वाकवणं, टाचेखाली उशी ठेवून तो सरळ होऊ देणं, मांडी आवळून दहापर्यंत मोजणं, पाय सरळ उचलणं. त्याला चटई पुरते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नवा दोर बसवल्यावर त्याचा जुना रक्तपुरवठा तुटलेला असतो. शरीर त्यात हळूहळू नव्या रक्तवाहिन्या घालतं, आणि या काळात, साधारण दीड ते तीन महिन्यांदरम्यान, तो सर्वांत कच्चा असतो. नेमकं त्याच वेळी रुग्णाला सर्वांत बरं वाटू लागतं. सूज नाही, दुखत नाही, जिना चढता येतो. पहिल्या दुखापतीनंतरचा तोच चकवा पुन्हा!

२०१६ मध्ये ऑस्लोच्या संशोधकांनी १०६ खेळाडूंचा अभ्यास मांडला. नवव्या महिन्यापर्यंत खेळ जितका पुढे ढकलला, त्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण जवळपास निम्मं होत गेलं. नुसते महिने मोजून भागलं नाही. ताकद आणि उड्यांच्या चाचण्यांत पास होऊन परतलेल्यांपैकी ५.६ टक्के पुन्हा दुखावले. नापास होऊनही खेळलेल्यांपैकी ३८.२ टक्के.

विनेश फोगाटचं उदाहरण मी खेळाडूंना देतो. ऑगस्ट २०२३ मध्ये सरावात डावा गुडघा गेला, मुंबईत शस्त्रक्रिया झाली, आशियाई स्पर्धा हुकली. पुढच्या ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिंपिकला एका दिवसात तीन कुस्त्या जिंकून ती अंतिम फेरीत पोहोचली. पुढे वजनाचं जे झालं ते सर्वांना माहीत आहे, पण गुडघा पुरला.

सगळ्यांना शस्त्रक्रिया लागते का? नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण रुग्णांची चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागणी केली. एका गटाची लवकर शस्त्रक्रिया, दुसऱ्याला आधी फक्त व्यायाम आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया. २०१० मध्ये निष्कर्ष आला: दोन वर्षांनी दोन्ही गट सारखेच बरे होते, आणि व्यायामाच्या गटातल्या साधारण ६० टक्के लोकांना शस्त्रक्रिया लागली नव्हती. पाच वर्षांनी हा आकडा निम्म्यावर आला. म्हणजे पन्नाशीचा शेतकरी किंवा दुकानात बसणारा माणूस मांडी मजबूत करून वर्षानुवर्षं छान राहू शकतो. वळणावळणाचा खेळ खेळायचाच असेल, किंवा व्यायाम करूनही गुडघा सटकत असेल, तर दोर बसवलेला बरा. दर वेळी सटकताना गादीचा बळी जात असतो. शस्त्रक्रियेची घाई सहसा नसते. सूज उतरवून, गुडघा सरळ करून मग केलेली शस्त्रक्रिया जास्त मानवते. गादी अडकून गुडघा सरळ होत नसेल तर मात्र थांबायचं नसतं.

तो मुलगा परवा आला होता. शस्त्रक्रियेला सहा महिने झाले. दवाखान्याच्या ओट्यावर खडूने रेघ मारली, आधी चांगल्या पायावर एक लंगडी उडी, मग दुसऱ्या पायावर. फितीने मोजलं. चांगल्या पायाच्या ७८ टक्के भरली, मला निदान ९० हवेत. गावचे सामने पुढच्या महिन्यात आहेत. तो काही वेळ फितीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "या वर्षी गुण लिहायला बसतो." फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारची वेळ दिली आहे.